आईचे जन्मवजनही विचारा

महोदय,

गरोदर बाईची नावनोंदणी करताना शेवटच्या पाळीची तारीख, उंची, वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, आधीची बाळंतपणे असे सगळे लिहून घेतात. ती स्वतः जन्मली तेव्हा किती वजनाची होती, हे मात्र कोणी विचारत नाही. ते विचारायला हवे.

मुलीच्या अंडाशयातली बीजांडे ती आईच्या पोटात असतानाच तयार होतात. म्हणजे नातवंडाची सुरुवात आजीच्या गरोदरपणात होऊन गेलेली असते. शिवाय पोटात वाढ खुंटलेली मुलगी पुढे बहुधा ठेंगणी राहते आणि गरोदरपणात तिला रक्तदाब, मधुमेह होण्याची शक्यता जास्त असते. ग्वाटेमालातल्या खेड्यांत दोन्ही पिढ्यांची वजने ताडून पाहिली, तेव्हा आईच्या जन्मवजनातल्या दर 100 ग्रॅम फरकामागे बाळात सरासरी 29 ग्रॅम फरक आढळला. आई दोन किलोची जन्मली की तीन, एवढ्यावरून बाळात पाव किलोहून अधिक अंतर पडू शकते.

मग गरोदरपणी खाऊपिऊ घातले की झाले, असे वाटेल. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत 2006 पासून झालेल्या प्रयोगात बायकांना दिवस जाण्याआधीपासून पालेभाजी, फळे आणि दूध घातलेला खाऊ रोज दिला. किमान तीन महिने आधी सुरुवात केलेल्यांची बाळे सरासरी 48 ग्रॅमनी जास्त भरली. पण ज्या सर्वांत हडकुळ्या होत्या, ज्यांना गरज सर्वाधिक, त्यांच्या बाळांत हा फायदा दिसला नाही. वर्षानुवर्षांची तूट काही महिन्यांत भरत नाही, असाच याचा अर्थ आम्ही लावतो. म्हणून काम वयात येणाऱ्या मुलीपासून सुरू व्हावे: आठवड्याला लोहाची निळी गोळी (चहासोबत नव्हे), वर्षातून दोनदा जंताची गोळी, घरातल्या मुलाइतकेच दूध-डाळ-अंडे, आणि पहिले बाळंतपण विशीनंतर. कमी वजनाच्या मुलीला घाईने लठ्ठ करणे मात्र घातक. पुण्याजवळच्या खेड्यांत 1993 पासून चाललेल्या अभ्यासात आपली बाळे वजनाने कमी, पण अंगात चरबी राखून असलेली आढळली. अशा शरीरावर भराभर वजन चढले की मधुमेह लवकर गाठतो.

दवाखान्यात बाळंतपण करणाऱ्या बाईला पैसे देणारी जननी सुरक्षा योजना 2005 साली आली आणि दवाखान्यातली बाळंतपणे वाढली. तेव्हा जन्मलेल्या मुली आता आई होऊ लागल्या आहेत. त्यांच्या आयांच्या पिढीत अनेकींचे जन्मवजन कुठेच नोंदलेले नव्हते. यांचे असण्याची शक्यता कितीतरी जास्त. ते 2500 ग्रॅमपेक्षा कमी निघाले, तर दर भेटीला रक्तदाबासोबत पोटाची उंची (ओटीपोटाच्या हाडापासून गर्भाशयाच्या वरच्या टोकापर्यंत) टेपने मोजावी. 24 आठवड्यांनंतर ती सेंटिमीटरमध्ये साधारण आठवड्यांइतकीच भरते. सतत मागे पडली तर सोनोग्राफी करून वाढ पाहावी. मधुमेहासाठीची 75 ग्रॅम ग्लुकोजची चाचणी पहिल्या भेटीत आणि पुन्हा 24 ते 28 आठवड्यांत चुकवू नये.

अर्थात नोंदच कच्ची असेल तर सगळे व्यर्थ. बाळाचे वजन पहिल्या तासात, उघड्या अंगाने, काटा शून्यावर आणून, डिजिटल काट्यावर घ्यावे. 2430 भरले की 2500 लिहून टाकण्याची सवय फार महाग पडते, कारण ते बाळ कमी वजनाच्या यादीतूनच गळते. शेजारी गरोदरपणाचे आठवडेही हवेत. 36 व्या आठवड्यात जन्मलेले 2300 ग्रॅमचे बाळ आणि 39 व्या आठवड्यातले तेवढ्याच वजनाचे बाळ सारखे नव्हे. पहिले लवकर आले, दुसऱ्याची वाढ पोटात अडली.

जन्मवजन लिहिलेले माता-बाल संरक्षण कार्ड घर बदलताना हरवते. जन्माचा दाखला मात्र शाळेसाठी, आधारसाठी लोक जपून ठेवतात. जन्मनोंदणीच्या अर्जात वजन आणि गरोदरपणाचे आठवडे असे दोन्ही रकाने आहेत, पण तो भाग आकडेवारीसाठी वेगळा काढला जातो आणि दाखल्यावर त्यातले काहीच उमटत नाही. हे दोन आकडे दाखल्यावर छापावेत, अशी सार्वजनिक आरोग्य विभागाला आमची विनंती आहे.

– माता व बाल आरोग्य क्षेत्रातील डॉक्टर, पुणे