वात्सल्य खाते उघडा, पण कोटींचा आकडा आजच्या रुपयांत वाचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लहान मुलांच्या नावाने 'एनपीएस वात्सल्य', म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेतले, खाते उघडण्याविषयीची माहिती आपल्या अर्थविषयक पानावर वाचली. योजना चांगली आहे आणि ती वाचकांपर्यंत पोचवल्याबद्दल आभार. पण मजकुराच्या मथळ्यातच जो कोटींचा आकडा ठळकपणे छापला आहे, तो अनेक आईवडिलांना भलतीच अपेक्षा धरायला लावील, म्हणून हे पत्र. मी बँकेतून निवृत्त झालो आहे. ओळखीतले तरुण पालक अजूनही कागदपत्रे घेऊन सल्ला विचारायला येतात आणि या खात्याचा विषय निघाला की बोलणे त्या कोटींपासूनच सुरू होते.

१८ सप्टेंबर २०२४ रोजी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी ही योजना सुरू केली, तेव्हापासून एक उदाहरण सगळीकडे फिरत आहे. वर्षाला १०,००० रुपये १८ वर्षे भरायचे. परतावा १० टक्के धरला तर मूल सज्ञान होईपर्यंत सुमारे ५ लाख रुपये जमतात. पुढे काहीही न भरता ते तसेच राहू दिले, तर त्याच्या साठाव्या वर्षी २ कोटी ७५ लाख होतात. परतावा आणखी जास्त धरून ११ कोटींपर्यंतचे आकडेही दाखवले गेले. हिशेब बरोबर आहे, मी स्वतः करून पाहिला. पण ते २ कोटी ७५ लाख साठ वर्षांनंतरच्या बाजारात खर्च होणार आहेत, हे त्या तक्त्यात कुठेच लिहिलेले नसते.

सरकारने रिझर्व्ह बँकेला महागाईचे उद्दिष्ट ४ टक्के ठरवून दिले आहे आणि वरची मर्यादा ६ टक्के. साठ वर्षे महागाई अगदी ४ टक्केच राहिली, तर त्या २ कोटी ७५ लाखांची किंमत आजच्या रुपयांत सुमारे २६ लाख भरते. ती ६ टक्के राहिली तर आठ लाखांहून थोडी जास्त. निवृत्तीनंतरच्या वीस वर्षांत ही रक्कम पुरवून खायची म्हटली, आणि त्या काळातले व्याज महागाईतच जाते असे धरले, तर पहिल्या हिशेबाने महिन्याला ११ हजारांच्या आसपास आणि दुसऱ्या हिशेबाने साडेतीन हजार हातात येतात. भरलेले एकूण पैसे १ लाख ८० हजार आहेत हे पाहता ही वाढ वाईट मुळीच नाही. पण 'मुलाच्या म्हातारपणाची चिंता मिटली' असे समजून जो बाप समाधानाने घरी जातो, त्याला हा हिशेब कोणीतरी दाखवायला हवा. आपले उत्पन्न वाढेल तशी दरवर्षी भरणा वाढवत न्यायचा, आणि कमावते झाल्यावर मुलाने ते खाते पुढे चालवायचे, तरच त्यातून निवृत्तिवेतन म्हणण्याजोगे काही उभे राहते.

दुसरा गैरसमज 'सरकारी' या शब्दाभोवती आहे. पीपीएफ आणि सुकन्या समृद्धीचे व्याज सरकार दर तिमाहीला जाहीर करते, आणि तेथे मुद्दलाला धक्का लागत नाही. वात्सल्यमध्ये पैसे शेअर, कंपन्यांचे रोखे आणि सरकारी रोखे यांत गुंतवले जातात. परताव्याची हमी कोणीच देत नाही. सरकार या खात्यात स्वतःचा एक रुपयाही घालत नाही. एनपीएससाठीची प्राप्तिकरातली ५०,००० रुपयांची जादा वजावट २०२५ च्या अर्थसंकल्पाने या खात्यालाही दिली खरी, पण ती फक्त जुन्या कररचनेत मिळते आणि पालकाच्या स्वतःच्या एनपीएससह मिळून तेवढीच. आता बहुतेक पगारदार नव्या कररचनेत गेले आहेत, त्यांना ही वजावट नाहीच.

मग सरकारचे पाठबळ कोणते? पेन्शन योजनांवर नियंत्रण ठेवणाऱ्या पीएफआरडीए या सरकारी संस्थेची देखरेख आणि अतिशय कमी खर्च. माझ्या मते या योजनेचे खरे बळ खर्चात आहे, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. पैसे सांभाळण्याचे शुल्क शंभर रुपयांमागे वर्षाला दहा पैशांच्या आसपास असते. एजंटामार्फत घेतलेल्या इक्विटी म्युच्युअल फंडात तेच शुल्क दीड-दोन रुपयांपर्यंत जाते. एका टक्क्याने काय बिघडते, असे लोकांना वाटते. त्याच उदाहरणातले पाच लाख अठराव्या वर्षापासून साठाव्या वर्षापर्यंत १० ऐवजी ९ टक्क्यांनी वाढले, तर २ कोटी ७५ लाखांच्या जागी १ कोटी ८७ लाख होतात. जवळजवळ तिसरा हिस्सा केवळ खर्चात जातो. महागाई सोडली तर इतक्या लांब मुदतीच्या बचतीला खर्चाइतके दुसरे काहीच खात नाही. म्हणून हे खाते उघडावे, असे मी सांगतो.

एक गोष्ट जाता जाता सांगतो. योजना आली तेव्हा पालकाने काही निवडले नाही तर पैसे आपोआप अशा पर्यायात जात, ज्यात शेअरमध्ये जास्तीत जास्त निम्मी रक्कम असे. ज्या बाळाला साठ वर्षे वाट पाहायची आहे, त्याच्यासाठी ७५ टक्क्यांचा पर्यायही अर्जात होता. आज कोणते पर्याय आहेत ते विचारून घ्यावे.

आता पैसे अडकण्याबद्दल. तीन वर्षांनंतर शिक्षण, ठरावीक आजार किंवा अपंगत्व या कारणांसाठी रक्कम काढता येते, पण ती भरलेल्या पैशांच्या २५ टक्क्यांपर्यंतच. वाढीला हात लागत नाही. योजना आली तेव्हा अठराव्या वर्षी बाहेर पडण्याचा नियम असा होता की, शिल्लक अडीच लाखांपेक्षा जास्त असेल तर ८० टक्के रकमेची ॲन्युइटी, म्हणजे विमा कंपनीकडून ठरावीक काळाने मिळणारे निवृत्तिवेतन, घ्यायची आणि २० टक्केच हातात. असे नियम वरचेवर बदलतात, तेव्हा खाते उघडायच्या दिवशी ताजा नियम वाचून घ्यावा. पण हे इंजिनिअरिंगच्या फीसाठीचे खाते नव्हे. फीसाठी वेगळी तजवीज हवी. मुलगी असेल आणि दहा वर्षांच्या आत असेल तर सुकन्या आहेच.

याहून महत्त्वाचे म्हणजे, पालकाचे स्वतःचे काय? माझ्याकडे येणाऱ्यांपैकी अनेकांना ना पेन्शन आहे, ना पीएफ. दुकानात, गाडीवर, कंत्राटावर काम करणारी ही माणसे आहेत. त्यांच्या मनात मुलाविषयी जी माया आहे, तिच्यापुढे मला बोलवत नाही, तरी बोलावे लागते. तुमच्या म्हातारपणाची सोय झाली नाही, तर त्याचा भार याच मुलावर त्याच्या तिशी-पस्तिशीत येणार आहे. नेमक्या त्या वयात, जेव्हा त्याने स्वतःच्या खात्यात पैसे भरायला हवेत. एनपीएस २००९ पासून सर्व नागरिकांना खुले आहे. चाळिशीच्या आत असलेल्यांना आणि प्राप्तिकर न भरणाऱ्यांना अटल पेन्शन योजनाही आहे. तीत साठीनंतर महिन्याला १,००० ते ५,००० रुपयांची हमी आहे. आधी आपले खाते, मग मुलाचे. दोन्ही जमत असेल तर उत्तमच, पण एकच जमत असेल तर मी आईवडिलांना स्वतःचे उघडायला सांगतो, आणि हे सांगताना मला कसलाही संकोच वाटत नाही.

सरकारकडे मागणे दोन आहेत. ब्रिटनमध्ये मुलाच्या पेन्शन खात्यात पालकाने वर्षाला २,८८० पौंड भरले, तर सरकार वर ७२० पौंड घालते. आपल्याकडे सगळ्यांसाठी हे शक्य नसेल, पण निदान रेशनच्या प्राधान्य यादीतल्या कुटुंबांतील मुलांच्या खात्यांत सरकारने पहिल्या काही वर्षांचा किमान हप्ता भरावा. नाहीतर ज्यांच्या म्हातारपणाला आधाराची सर्वांत जास्त गरज पडणार आहे, तीच मुले या योजनेबाहेर राहतील. दुसरे मागणे म्हणजे, या योजनेच्या प्रत्येक जाहिरातीत आणि गणकयंत्रात साठाव्या वर्षाच्या रकमेशेजारी तिची आजच्या रुपयांतली किंमत तेवढ्याच मोठ्या अक्षरांत दाखवणे पीएफआरडीएने सक्तीचे करावे. आणि बँकेत अर्जासोबत मिळणारे माहितीपत्रक मराठीत असावे.

आपल्या पानावर यापुढे अशी उदाहरणे छापताना महागाईचा रकाना जोडावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी