मटन स्ट्रीटला टेकू नकोत, सुतार द्या

प्रति,
मा. गृहनिर्माणमंत्री, महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

मुंबईच्या चोरबाजारात, मटन स्ट्रीटवरच्या आमच्या उपकरप्राप्त (म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या) इमारतीची दुरुस्ती पावसाळ्याआधी होईल, असा शब्द मिळाला होता. पावसाळा गेला, आले फक्त टेकू. तेही चुकीचे. वरच्या मजल्याचा टेकू खालच्या टेकूच्या बरोब्बर वर हवा, म्हणजे भार सरळ जमिनीत उतरतो. इथे तो हातभर बाजूला, म्हणजे सगळं वजन खालच्या तुळईच्या पोटात. पायथ्याला आडवी फळी नाही, थेट लादीवर उभा. लाकूड वाळलं की पाचर सैल होते. ती ठोकायला येणार कोण, साहेब? जिन्यात टेकू, दुकानात टेकू. आजारी माणूस खाली न्यायचा तर खुर्ची तिरपी करावी लागते.

या इमारतींचं दुखणं ठरलेलं आहे. सागवानी खांब-तुळयांचा सांगाडा, मध्ये चुन्यातली वीट. तुळई भिंतीत शिरते तिथेच कुजते, कारण मोरीचं पाणी तिथे मुरतं आणि वरून सिमेंटचा गिलावा चढवून ओल आत कोंडलेली असते. टोकाला पेचकस खुपसा. इंचभर आत गेला तर लाकूड संपलं. मग जमिनीपासून आधार देऊन ते टोक कापायचं, चांगल्या वाळलेल्या सागाचा तुकडा दोन्ही बाजूंनी पोलादी पट्ट्या लावून बोल्टने जोडायचा, टोकाभोवती हवेला जागा सोडायची आणि गिलावा चुना-सुरखीचा (सुरखी म्हणजे विटांची पूड) करायचा. याला सुतार लागतो. आपल्याकडे निविदा निघते सिमेंटची!

पाडून टॉवर बांधा, हा सल्ला नेहमीचा. शेजारच्या भेंडीबाजारात साडेसोळा एकर, सुमारे २५० इमारती, १,२५० दुकानं पुनर्विकासाच्या आराखड्यात आली. पण इथला धंदा अरुंद, खोल गाळ्यावर, पोटमाळ्यावर, झुंबरं टांगायच्या तुळयांवर आणि दारातल्या रस्त्यावर चालतो. शुक्रवारी दुकानं बंद असतात, तेव्हा पहाटेपासून रस्त्यावरच जुम्मा बाजार भरतो. पुनर्विकासात गाळे मोजतात. जमिनीवर अंथरलेलं फडकं कुठल्या नकाशात येणार? २०१४च्या पथविक्रेता कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत लिहिलंय, पन्नास वर्षांहून जुना नैसर्गिक बाजार (म्हणजे आपसूक भरत आलेला) वारसा बाजार म्हणून जाहीर करावा आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये. हा बाजार तर दीडशे वर्षांचा. अजून किती जुना व्हायला हवा?

३१ ऑगस्ट २०१७ला पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत कोसळून ३३ माणसं गेली. त्यानंतरही हे खातं त्या खात्याकडे बोट दाखवतंय, मालक तुटपुंज्या भाड्याकडे. १९७२च्या कायद्याने शंभर वर्षांची वस्तू पुरावस्तू ठरते, ती परदेशी नेता येत नाही. शंभर वर्षांच्या इमारतीला मात्र ‘धोकादायक’ अशी पाटी ठोकली की सरकार मोकळं!

टेकू याच आठवड्यात एका रेषेत घ्या. गिलावा फोडून प्रत्येक तुळईचं टोक तपासा, नुसती दुर्बीण लावून अहवाल नको. कामाच्या आदेशाची प्रत इमारतीच्या दारावर लावा, तारखेसकट.

आपले,
मटन स्ट्रीटवरील भाडेकरू व दुकानदार