कॅरमच्या खोलीमागचे वाचनालय

ठाण्यात १ जून १८९३ रोजी मराठी ग्रंथसंग्रहालय सुरू झाले, तेव्हा ते उभारणारे विनायक लक्ष्मण भावे जेमतेम एकविशीचे होते. मुंबईत असे ग्रंथसंग्रहालय निघायला १८९८ उजाडले. मुंबईकरांपुढे हे सांगायला आम्हा ठाणेकरांना अंमळ जास्तच आवडते.

आमच्या वसाहतीतल्या समाजमंदिराचा इतिहास मात्र कुणी लिहून ठेवलेला नाही. पुढे कॅरम आणि टेबल टेनिस, गणपतीच्या आधी महिनाभर नाटकाच्या तालमी, आणि मागच्या खोलीत वाचनालय. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तारखांच्या शिक्क्यांचा कागद चिकटवलेला असे. तो भरला की खाली दुसरा. दिवाळी अंकांसाठी आई आठवडाभर आधी नंबर लावून यायची. स्ट्रायकरची टकटक ऐकतच आम्ही वाचायला शिकलो. ‘शांतता राखा’ ही पाटी होती, पण ती कॅरमवाल्यांनी कधी वाचली नाही.

दोन वर्षांपूर्वी दुरुस्तीच्या नावाखाली खोली रिकामी केली. पुस्तके गोण्यांत भरून जिन्याखाली ठेवली आहेत. सभागृह साखरपुड्यांना भाड्याने जाते, त्याला दुरुस्ती आड येत नाही! संबंधितांनी कपाटे कधी परत लागणार ते सांगावे. निदान दाखल नोंदवही आणि सभांची जुनी इतिवृत्ते तरी पावसाळ्यापूर्वी जिन्याखालून उचलावीत. वाळवी गोणीच्या तळाशी पोचली आहे, मी परवाच पाहिले.

– एक जुना सभासद, ठाणे