केसपेपरवरचे नाव आणि आजार एकाच हाती देऊ नका

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

स. न. वि. वि.

सोलापुरात हजारो बायका घरी बिडी वळतात. वर्षानुवर्षांच्या तंबाखूच्या धुळीने त्यांच्या फुप्फुसांचे काय होते, हे शोधायचे तर क्षयरोगाची ‘निक्षय’ या सरकारी पोर्टलवरची नोंद, सिव्हिल रुग्णालयाचा केसपेपर आणि महानगरपालिकेची मृत्यूनोंद एकाच बाईची आहे का, ते कळायला हवे. ही जुळणी व्हावी, पण पुढील पद्धतीनेच व्हावी, अशी आमची आग्रहाची मागणी आहे.

प्रत्येक रुग्णालयाने दोन फायली काढाव्यात. पहिलीत नाव, लिंग, जन्मवर्ष, पिनकोड, मोबाईल आणि एक तात्पुरता क्रमांक. दुसरीत तोच क्रमांक, निदान आणि औषधे. जुळणी करणाऱ्याला फक्त पहिली मिळावी, संशोधकाला फक्त दुसरी. नाव आणि आजार एकत्र पाहणारा माणूस साखळीत कुठेच नसावा.

मोबाईल क्रमांकाचे नुसते सांकेतिक रूप केले की तो लपला, असे समजू नये. आपल्याकडचे दहा अंकी क्रमांक ६ ते ९ ने सुरू होतात, म्हणजे फार तर ४०० कोटी. साधा संगणकही ते सगळे पडताळून मूळ क्रमांक काढतो. म्हणून सांकेतिक रूप करताना गुप्त किल्ली वापरावी आणि ती संशोधकाकडे नसावी.

आभा, म्हणजे डिजिटल आरोग्य खात्याचा क्रमांक १४ अंकी आहे, पण ऐच्छिक. जुन्या केसपेपरवर तो नाहीच. मग भिस्त नावावर, आणि खरी गडबड तिथेच होते. तेलुगू घरांत आडनाव आधी लिहितात, खिडकीवरचा कारकून ते शेवटी टाकतो. ‘लक्ष्मी’ची ‘लक्ष्मीबाई’ होते. वय विचारले की ४०, ४५ असे ठोकळ सांगितले जाते. मोबाईल मुलाचा असतो. लग्नानंतर नाव बदललेल्या बायका जुळणीतून सर्वाधिक निसटतात, आणि मग अहवाल म्हणतो की बायकांना त्रास कमी आहे! म्हणून जुळलेल्या आणि न जुळलेल्या, दोन्ही नोंदींतून किमान ५०० जोड्या दोघांनी स्वतंत्रपणे तपासाव्यात आणि चुकांचे प्रमाण बायका-पुरुषांसाठी वेगळे छापावे. हे काम कंटाळवाणे आहे, तरी टाळू नये. ही तपासणी रुग्णालयातल्या नोंदणी विभागातच, फक्त पहिल्या फाइलवर व्हावी.

गावनिहाय तक्त्यात १० पेक्षा कमी रुग्ण असतील तर आकडा देऊ नये. अक्कलकोट तालुक्यातल्या लहान गावात ‘महिला, ३४, एक रुग्ण’ एवढे छापले तरी गाव तिला ओळखते. एचआयव्हीच्या नोंदी तर २०१७ च्या कायद्याने गोपनीय आहेत. त्या वेगळ्या परवानगीशिवाय घेऊच नयेत.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संशोधनाला सवलत आहे. पण ठरलेली मानके पाळली आणि त्या माहितीवरून कोणा एकाविषयी निर्णय घेतला नाही, तरच. म्हणजे ही माहिती विमा कंपनीकडे किंवा बिडी कारखानदाराकडे जाता कामा नये, हे आदेशात स्पष्ट लिहावे. केसपेपरच्या खिडकीवर मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दूत सूचना लावावी. नकार देणाऱ्याचे उपचार थांबणार नाहीत, हे त्यात पहिल्याच ओळीत असावे.

बार्शीत १९८७ पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी चालते, म्हणजे नोंद नीट ठेवणारी माणसे आपल्याच जिल्ह्यात आहेत. अडचण एवढीच की सिव्हिल वैद्यकीय शिक्षण विभागाकडे आणि ग्रामीण रुग्णालये आपल्या आरोग्य विभागाकडे. दोन्ही विभागांचा एक संयुक्त आदेश काढावा आणि सुरुवात फक्त क्षयरोगाच्या एका वर्षाच्या नोंदींपासून करावी.

आपले,
सोलापुरातील रुग्णनोंदी व सार्वजनिक आरोग्य क्षेत्रात काम करणारे