बाबांचा तपासणीचा कागद

तीर्थरूप बाबा,

साष्टांग नमस्कार.

दादाने तुमच्या डोळ्यांच्या तपासणीचे फोटो पाठवले. कागदाच्या तळाशी तुम्ही स्वतःच्या अक्षरात ‘सगळे नॉर्मल’ लिहून खाली दोन रेघा मारल्यात. फोनवर हे नीट बोलणं होणार नाही, म्हणून लिहायला बसले. घाबरू नका. तुमचा एकही आकडा वाईट नाही. पण मी इथे दिवसभर हेच आकडे मोजते, आणि ‘नॉर्मल’ या शब्दाखाली मला अशा रेघा मारवत नाहीत.

आधी डोळ्याचा दाब. उजवा १७, डावा १८ (मिलिमीटर पारा). निरोगी मोठ्या माणसांची सरासरी १५-१६ च्या आसपास असते आणि बहुतेकांचा दाब १० ते २१ मध्ये बसतो. हा २१ आला कुठून? खूप निरोगी लोकांचे डोळे मोजले, सरासरी काढली, तिच्यात आकड्यांचा नेहमीचा चढउतार दुपटीने मिळवला, तेव्हा २१ च्या जवळपास रेघ पडली. म्हणजे तिच्यापलीकडे माणसं विरळ होतात, एवढाच तिचा अर्थ. काचबिंदूत डोळ्यामागची जी नस हळूहळू झिजते, तिला ती रेघ ठाऊक नसते. जपानमध्ये ताजिमी शहरात काचबिंदूची मोठी पाहणी झाली होती. तिथे ज्यांना उघड्या कोनाचा काचबिंदू निघाला (म्हणजे डोळ्यातलं पाणी बाहेर जाण्याचा कोपरा उघडा असूनही होणारा), त्यांच्यातल्या दहापैकी नऊ जणांचा दाब २१ किंवा त्याहून कमीच होता. शिवाय दाब दिवसभरात तीन ते सहा अंकांनी वरखाली होतो, पुष्कळांचा सकाळी जास्त असतो. तुमची तपासणी संध्याकाळी पाचची आहे.

दाब मोजताना मी पेशंटला शर्टाचं वरचं बटण काढायला सांगते. गळा आवळला किंवा श्वास रोखून धरला की आकडा चढतो. निळ्या उजेडात डोळ्यावर दोन हिरवी अर्धवर्तुळं दिसतात, त्यांच्या आतल्या कडा एकमेकींना नेमक्या टेकेपर्यंत चकती फिरवायची. पापणी मिटू नये म्हणून माणसं इतका जोर करतात की मीच थांबते, त्यांना दोन श्वास घेऊ देते आणि मग पुन्हा मोजते.

आता कागदावरचा असा आकडा, ज्याकडे तुम्ही पाहिलंही नसेल: कॉर्नियाची जाडी, ५०५ मायक्रॉन. बुबुळावरचा हा पारदर्शक पडदा साधारण ५४० मायक्रॉनचा, म्हणजे जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा असतो. गोल्डमन यांनी दाबाचं यंत्र बनवताना ५२० च्या आसपासची जाडी धरली होती. पडदा पातळ असला तर यंत्राला तो सहज दबतो आणि दाब खऱ्याहून कमी दिसू शकतो. किती मिळवायचे याचं भरवशाचं सूत्र मात्र नाही, तेव्हा कागदावर बेरीज करत बसू नका. तुमचा १८ मी जरा जपून वाचते, इतकंच.

पण बाबा, माझी नजर अडकली ती कपवर. नसेच्या तोंडाला डिस्क म्हणतात आणि तिच्या मधल्या खळग्याला कप. निरोगी डोळ्यात कप डिस्कच्या ०.३ ते ०.४ असतो. डिस्कच मोठी असेल तर ०.६ सुद्धा जन्मजात आणि निर्दोष असू शकतो, कारण तेवढेच दहा-बारा लाख तंतू मोठ्या तोंडाच्या कडेने पसरतात. तुमचा उजवा ०.४ आणि डावा ०.६ आहे. एकेकटा पाहिला तर दोन्ही चालतील. पण दोन डोळे जन्मापासूनचे जोडीदार असतात, त्यांच्यात ०.२ चा फरक आला की कारण शोधायचं. डावी डिस्कच मोठी असेल तर प्रश्न मिटला. तिची उभी लांबी कागदावर नाही, ती मोजून घ्यायला हवी.

पुढच्या खेपेला ओसीटी (उजेडाने नसेच्या तंतूंचा थर मोजणारी तपासणी) आणि फील्ड टेस्ट (आजूबाजूचं किती दिसतं याची तपासणी) करायला सांगा, आणि काचेतून डोळ्याचा तो पाणी जाण्याचा कोनही तपासून घ्या. ओसीटीत तंतूंच्या थराची सरासरी जाडी निरोगी माणसात ९० ते १०० मायक्रॉनच्या आसपास येते, वयाप्रमाणे थोडी उतरते. तुमचा लहानपणापासूनचा मायनस नंबर आहे, अशा डोळ्यांत थर मुळातच पातळ दिसतो. त्यामुळे कागदावर लाल रंग, म्हणजे नेहमीपेक्षा पातळ असा शेरा, आला तरी लगेच धसका घेऊ नका. हिरवा आला तरी फाइल जपा. १०५ वरून ९२ वर आलेला थरसुद्धा हिरवाच दिसतो, ती घसरण फक्त जुन्या कागदाशेजारी ठेवल्यावर कळते. फील्ड टेस्ट पहिल्यांदा पुष्कळांची बिघडते, बटण कधी दाबायचं हेच उमगत नाही. तसं झालं तर पुन्हा करू.

काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, आणि सुरुवातीला काही दुखतही नाही, म्हणून एवढा आग्रह धरतेय. दादानेही चाळिशी ओलांडली आहे. तुमच्या डोळ्यांत काही निघालं तर त्याने आणि मीही नेमानं तपासून घ्यायला हवं.

आईला नमस्कार. या वेळी तपासणीची वेळ सकाळची घ्या, हा कागद सोबत न्या, आणि डॉक्टरांना डाव्या डिस्कची लांबी तेवढी आवर्जून विचारा.

तुमची,
धाकटी