बॅटरी स्वतःच्या तोंडावर धरणाऱ्या ताईंना

ताई,

तुमचं नाव मला माहीत नाही. कोटावर नावाची पट्टी होती, पण थिएटरात अंधार होता आणि माझं सगळं लक्ष बाबांकडे होतं. तुम्हाला मराठी येत नाही हेही मला ठाऊक आहे. तरी हे पत्र मराठीतच लिहितेय, कारण तो बाबांचा हट्ट आहे. "आभार आपल्या भाषेत मान, मग त्यांना इंग्रजीतून वाचून दाखव," असं ते म्हणाले. तुम्हाला ताई म्हणणारेही तेच. त्या रात्री ट्रेनमध्ये बसल्यापासून घरी पोचेपर्यंत "त्या ताई, त्या ताई" हेच चाललं होतं.

बाबा म्हणजे माझे वडील. वय ७८, गाव सांगली. नोकरी बँकेत, पण जीव नाटकात. तीस-बत्तीस वर्षं ते हौशी मंडळाच्या नाटकांचे प्रॉम्प्टर होते. विंगेत स्टुलावर बसायचं, मांडीवर वही, आणि नट अडखळला की पहिले दोन शब्द सोडायचे, असे की नटाला ऐकू जातील आणि पहिल्या रांगेला जाणार नाहीत. तोंडात वाक्य असलेला नट आणि वाक्य हरवलेला नट यांच्या श्वासातला फरक त्यांना कळायचा. ते कान सहा वर्षांपूर्वी गेले. एकदम गेले नाहीत. आधी चिमण्या गेल्या, मग कुकरची शिट्टी, मग नातवाचं बोलणं.

बहिरेपणाचं दुःख सगळ्यांना समजतं असं मला वाटायचं. तसं नाही. आंधळ्या माणसाचा लोक हात धरतात, बहिऱ्या माणसावर ओरडतात. कानाचं मशीन ज्यांच्याकडून घेतलं त्यांनी वीस मिनिटांत ते कानात बसवलं, पैसे घेतले आणि "सवय होईल" म्हणून वाटेला लावलं. सवय झाली नाही. मशीन माणसाचा आवाज वाढवतं तसा ताटाचा, खुर्चीचा, पिशवीचाही वाढवतं. शेजारी कुणी वेफर्सचं पाकीट उघडलं की बाबांच्या कानात पत्रा फाटतो. आमच्याच नात्यातली माणसं त्यांच्यासमोर "त्यांना काय कळतंय, जाऊ दे" म्हणायला लागली. एकदा इथे न्यूयॉर्कमधल्या एका मोठ्या मल्टिप्लेक्समध्ये संवाद वाचायचं यंत्र मागितलं, तर काउंटरवरच्या मुलाने चार्ज नसलेलं यंत्र हातात दिलं. मी परत गेले तेव्हा म्हणाला, "अजून कुणी तक्रार केलेली नाही."

पण मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. बाबा उशिरा हसायला लागले होते. नाटकात, लग्नात, घरच्या जेवणात. आधी इतरांची तोंडं बघायची, सगळे हसताहेत याची खात्री करायची आणि मग हसायचं. एक क्षण मागे. ज्या माणसाने आयुष्यभर इतरांना वेळेवर वाक्य दिलं, तो हसायलाही मागे पडत होता, आणि हे त्याला स्वतःला कळत होतं. आई गेल्यावर त्यांनी थिएटरमध्ये पाऊल टाकणंच सोडलं.

या खेपेस माझ्याकडे न्यूयॉर्कमधल्या क्वीन्सला आले तेव्हा त्यांनी एकच गोष्ट मागितली. तिथल्याच अ‍ॅस्टोरियातला तो जुना स्टुडिओ बाहेरून बघायचा. मार्क्स बंधू या अमेरिकन विनोदी नटांचा 'द कोकोनट्स' हा सिनेमा तिथे चित्रित झाला, हे त्यांनी कधीतरी वाचलं होतं आणि नाटकवाल्याच्या कुतूहलाने ते मनात धरून ठेवलं होतं. मूळ नाटक १९२५चं, ब्रॉडवेवरचं, पुरतं संगीत नाटक. गाणी आयर्विंग बर्लिन यांची, संहिता जॉर्ज कॉफमन यांची. फ्लोरिडात जमिनींच्या किमती वेड्यासारख्या चढत होत्या, त्या काळातल्या एका डबघाईला आलेल्या हॉटेलची गोष्ट. अडीचशेहून जास्त प्रयोग झाले. बोलपट येऊन जेमतेम दीड वर्ष झालं होतं, तेवढ्यात १९२९ साली त्याचा सिनेमा झाला. चौघे भाऊ दिवसा अ‍ॅस्टोरियात कॅमेऱ्यासमोर आणि रात्री ब्रॉडवेवर 'अ‍ॅनिमल क्रॅकर्स' या पुढच्या नाटकाच्या प्रयोगात. बाबांना यात आपलंच घर दिसतं. तीन वर्षांनी, १९३२ साली, कोल्हापुरात प्रभातने 'अयोध्येचा राजा' केला, तेव्हा संगीत रंगभूमीवरचे गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र म्हणून उभे राहिले आणि संगीतही त्यांचंच. नाटक बोलपटात शिरलं ते असं, दोन्हीकडे, गाणी डोक्यावर घेऊन.

आणि तो कॉफमनचा किस्सा. भाऊ रोज रात्री संवाद बदलायचे. एकदा प्रयोग चालू असताना मागे उभे राहून कुणाशी तरी बोलत असलेले कॉफमन मध्येच थांबले आणि म्हणाले, आत्ता मी लिहिलेलं एक वाक्य ऐकू आलंसं वाटतं! बाबा हा किस्सा सांगताना दर वेळी त्यांच्या प्रॉम्प्टरचा विचार करतात. "वही मांडीवर घेऊन त्या बिचाऱ्याने करायचं काय?"

तर स्टुडिओ बाहेरून बघून झाला आणि त्याच आठवड्यात तुमच्या छोट्या थिएटरात तो सिनेमा लागणार आहे असं मला दिसलं. मी तिकिटं काढली. दारापाशी कळलं की पडद्यावर संवाद लिहून येणार नाहीत. बाबा तिथेच थांबले. नव्वदहून जास्त वर्षांपूर्वीचं ध्वनिमुद्रण, आधीच खरखरीत, त्यात त्या लोकांचं बोलणं बंदुकीच्या गोळ्यांसारखं. "तू जा, मी बाहेर बाकावर बसतो," म्हणाले. मी त्यांना जवळजवळ ओढून आत आणलं, त्याचं मला त्या क्षणी वाईट वाटत होतं. दिवे मालवले होते. पडद्यावर येत्या आठवड्यांतल्या सिनेमांचे तुकडे चालू होते. तुम्ही बॅटरी घेऊन पुढे आलात.

आमच्याकडे डोअरकीपरची बॅटरी पायांवर पडते. खुर्चीचा नंबर दिसतो, डोअरकीपर दिसत नाही. तुम्हीही आधी पायांवरच धरलीत आणि काहीतरी विचारलंत. मी नेहमीचं उत्तर दिलं, त्यांना ऐकू येत नाही. हे सांगितलं की पुढे काय होतं ते मला पाठ आहे. समोरचा माणूस बाबांना सोडतो आणि माझ्याशी बोलायला लागतो.

तुम्ही बॅटरी उलटी केलीत आणि स्वतःच्या तोंडावर धरलीत.

हनुवटीच्या खालून, जरा लांब, डोळ्यांत जाणार नाही अशी. त्या अंधाऱ्या हॉलमध्ये एकच चेहरा उजळला, पांढरे केस, सुरकुत्या, लाल काड्यांचा चष्मा. आणि तुम्ही बाबांकडे बघून, आवाज न चढवता, ओठ नीट हलवत विचारलंत, "तुमचा कुठला कान बरा आहे?"

ताई, सहा वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मशीन विकणाऱ्यांनी नाही, नातेवाइकांनी नाही, मीही नाही. डावा की उजवा हे मला माहीत होतं, पण ते मी बाबांना कधी विचारलं नव्हतं, नुसतं बघून ठरवलं होतं. बाबा एक क्षण तुमच्या ओठांकडे बघत राहिले. मग इंग्रजीत म्हणाले, "डावा. थँक यू." आणि ताठ उभे राहिले. विंगेत असायचे तसे.

तुम्ही आम्हाला डावीकडे स्पीकर येईल अशा जागी नेलंत. तिथेच पायरीवर उकिडव्या बसलात, बॅटरी पुन्हा तोंडाखाली, आणि बाबांना दोन गोष्टी सांगितल्यात. पहिली कागदाची. तेव्हाचे माइक असे होते की कागद हलला तरी सेटवर गडगडाट व्हायचा, संवाद त्यात बुडायचे. म्हणून त्यांनी कागद पाण्यात भिजवून घेतले. नकाशा आला की बघा, तो ओल्या फडक्यासारखा लोंबतो. दुसरी गोष्ट त्या नकाशाच्या प्रवेशाची. चौघांतला ग्राउचो आपल्या भावाला, चिकोला, जमीन समजावून सांगत असतो आणि म्हणतो, इथे एक व्हायाडक्ट आहे, म्हणजे पूल. चिकोला ऐकू येतं, 'व्हाय अ डक?' बदक कशाला? आणि तिथून दोघे बदकाच्या मागे लागतात. एवढं सांगून तुम्ही उठलात. आमच्या मागे एक जोडपं वेफर्सचं पाकीट घेऊन बसलं होतं. त्यांच्यासाठी पुठ्ठ्याचे दोन वाडगे घेऊन परत आलात आणि वेफर्स त्यात ओतायला लावलेत. त्यांना काय सांगितलंत ते मला कळलं नाही. पण सिनेमा संपल्यावर त्या मुलीने बाबांना हात करून निरोप घेतला, तेव्हा वाईट शब्दांत नक्कीच सांगितलं नसणार.

मग सिनेमा. खरं सांगायचं तर सिनेमा म्हणून तो जागोजागी अवघडलेला आहे. कॅमेऱ्याची घरघर माइकमध्ये जाऊ नये म्हणून कॅमेरा पेटीत कोंडलेला, त्यामुळे तो फारसा हलतच नाही. प्रेमिकांची गाणी आली की सगळं थिजतं. बाबांना त्याचं काही नव्हतं. "नाटक असंच दिसतं, तिसऱ्या रांगेतून," ते नंतर म्हणाले. तिसरा भाऊ हार्पो आला आणि ते पुढे सरकून बसले. हा माणूस पूर्ण सिनेमाभर एक शब्द बोलत नाही. हॉर्न वाजवतो, दुसऱ्याच्या कोटाची बटणं चावून खातो, शाई पितो, हॉटेलात आलेली लोकांची पत्रं फाडत सुटतो. त्याच्या प्रवेशात हॉलमधल्या कुणाहीपेक्षा बाबांचं काहीएक हुकत नव्हतं. मी पडद्याकडे कमी आणि त्यांच्याकडे जास्त बघत होते.

नकाशा आला. खरंच लोंबत होता, पिळून ठेवलेल्या पंच्यासारखा. बाबांनी माझ्या हातावर चापट मारली, बघ, बघ, ओला आहे. ग्राउचोचं बोट नकाशावर सरकत होतं. आणि तो शब्द यायच्या आधीच बाबांचे ओठ हलायला लागले. ते वाक्य देत होते, ताई. विंगेतून द्यायचे तसं, पहिले दोन शब्द, आवाज न करता. चिकोचं तोंड उघडलं आणि बाबा हसले. हॉल त्यांच्यानंतर हसला.

सहा वर्षांनी ते सगळ्यांच्या आधी हसले. आजूबाजूची तोंडं न बघता. त्यानंतर तो प्रवेश पुढे काय झाला ते मला सांगता येणार नाही, मला नीट दिसत नव्हतं.

घरी येताना ते म्हणाले, "त्या चिकोला माझ्यासारखंच ऐकू येतं. पण त्याला कुणी गप्प बस म्हणत नाही. समोरचा उत्तर देत राहतो." याच्यावर मी अजून विचार करतेय. आम्ही बाबांना किती वेळा "काही नाही, जाऊ द्या" म्हटलं असेल. काहीतरी भलतंच ऐकून त्यांनी विचारलेला प्रश्न उत्तर न देताच किती वेळा सोडून दिला असेल.

मी पंधरा वर्षं या शहरात आहे आणि इथल्या लोकांच्या घाईबद्दल, कोरडेपणाबद्दल सांगलीला फोनवर बरंच बोलले आहे. ते सगळं खोटं होतं असं नाही. पण चांगुलपणा नेहमी मोठ्या मदतीच्या रूपात येतो असं मी धरून चालले होते, कुणी पैसे दिले, कुणी रात्रभर इस्पितळात बसलं. उजेड कुणावर पाडायचा एवढ्या गोष्टीतही तो असतो. तुम्ही हे शिकून आला होतात की सहज केलंत, कोण जाणे. तुमच्याही घरातल्या कुणाचं असंच ऐकायचं राहून जात असेल, असं मला राहून राहून वाटतं. शनिवारी हे पत्र वाचून दाखवायला येईन, तेव्हा धीर झाला तर विचारेन.

बाबा गेल्या महिन्यात सांगलीला परतले. आता आमच्या घरात एक नवा वाक्प्रचार झाला आहे, 'दिवा तोंडावर घे'. व्हिडिओ कॉलवर माझ्या पाठीमागे खिडकी आली की ते पहिलं हेच म्हणतात. माझा दहा वर्षांचा मुलगा आजोबांशी बोलायच्या आधी टेबलावरचा दिवा स्वतःकडे वळवतो, मग बोलतो. मंडळाच्या नव्या पोरांच्या तालमीलाही बाबा जाऊन बसले, दोन वर्षांनी. भिंतीच्या बाजूला, डावा कान रंगमंचाकडे करून. कुठे बसायचं ते त्यांनीच सांगितलं.

तिकडून येणाऱ्या ओळखीच्या माणसाबरोबर त्यांनी तुमच्यासाठी सांगलीचं भडंग पाठवलं आहे. जरा तिखट आहे, बरोबर दूध किंवा चहा ठेवा. मूळ पाकीट फोडून त्यांनी ते मऊ सुती पिशवीत भरलंय आणि तोंडाला नाडी बांधलीय, म्हणजे हॉलमध्ये खाल्लं तरी आवाज होणार नाही. पिशवी परत नको.

तुमची,
डावीकडच्या खुर्चीत बसलेल्या गृहस्थांची मुलगी