कपाटातली कागदं बाहेर काढा

महोदय,

दुसऱ्या महायुद्धातल्या जीएमसी अडीच-टनी ट्रकचा झेनिथ कार्बोरेटर (इंजिनासाठी हवा-पेट्रोलचं मिश्रण करणारा भाग) उघडून मी गेले दोन महिने खडकीत बसलोय. नाना पेठ पालथी घातली, बुधवारी-रविवारी जुना बाजार फिरलो. पार्ट जमतील हो, अडलंय ते मापांवर. फ्लोटची, म्हणजे आतलं पेट्रोल ठरावीक उंचीवर राखणाऱ्या तरंगत्या डबीची, पातळी किती ठेवायची, हे अंदाजानं ठरवलं तर पेट्रोल एकतर ओसंडतं, नाहीतर चढावर इंजिन गचके खातं. जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तुकड्यात, तार घालून भोक 'साफ' करणारे महाभागही भेटले. भोक जरा मोठं झालं की जेट गेलाच! कार्बोरेटरमधल्या छोट्या पंपाचं वाळलेलं कातडं मात्र तेलात भिजवून मऊ झालं, तेवढंच समाधान.

या ट्रकचं 'टीएम ९-८०१' (टीएम म्हणजे टेक्निकल मॅन्युअल) हे लष्करी पुस्तक एका संग्राहकाकडे आहे. झेरॉक्स मागितली, तर "दुर्मिळ आहे" म्हणून कपाट बंद. अहो, ते अमेरिकी सरकारचं प्रकाशन, त्यावर कसला आलाय कॉपीराइट!

पुण्यात माझ्यासारखे निवृत्त फिटर बरेच आहेत. कुणाकडे तेलकट डागांची जुनी पानं असतील तर स्कॅन करून वाटा. माझ्याकडच्या गॅस्केटच्या (सांध्यातून गळती होऊ नये म्हणून बसवायच्या चकत्यांच्या) आकृत्या मी कुणालाही देईन, चहासकट.

— एक निवृत्त फिटर, खडकी, पुणे